‘द साउंड ऑफ म्युझिक’चे साल्झबर्ग: आई-वडिलांसोबत काय पाहावे आणि कसे फिरावे

आपल्या प्रश्नाचा आशय असा आहे. वडील नाशिकरोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झाले असून १९६५ सालचा ‘द साउंड ऑफ म्युझिक’ हा संगीतपट त्यांना जवळजवळ तोंडपाठ आहे. आईचे गुडघे फारशी साथ देत नाहीत. युरोपच्या प्रवासात ऑस्ट्रियातल्या साल्झबर्गला तीन रात्री मुक्काम करून चित्रपटातले घर, मठ, काचेचा मंडप आणि सुरुवातीचे ते डोंगरावरचे कुरण वडिलांना दाखवायचे आहे. त्यासाठी तयार बससहल घ्यावी की आपले आपण फिरावे, आणि मे महिन्यात जावे की दिवाळीच्या सुट्टीत, असा आपल्यापुढे पेच आहे. नाशिकमधून ज्येष्ठ मंडळींच्या युरोप सहली आखणे आणि त्यांच्यासोबत जाणे हा माझा बऱ्याच वर्षांचा व्यवसाय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

निर्णय आधी सांगतो. शहरातली ठिकाणे आपली आपण, सावकाश पाहावीत. तलावांचा परिसर आणि लग्नाच्या प्रसंगाचे चर्च यांसाठी अर्ध्या दिवसाची बससहल घ्यावी. सुरुवातीच्या कुरणाचा आग्रह मात्र सोडून द्यावा. या तिन्ही गोष्टींमागचे कारण एकच आहे. चित्रपटातले साल्झबर्ग हे संकलकाच्या टेबलावर जुळवलेले गाव आहे. पडद्यावर जे एक घर दिसते ते निरनिराळ्या जागांचे तुकडे जोडून उभे केलेले आहे, आणि जे गाणे आपण सलग ऐकतो ते एकमेकांपासून चाळीस-पन्नास किलोमीटर दूर असलेल्या जागांवर चित्रित झालेले आहे. त्यामुळे कथेच्या किंवा गाण्यांच्या क्रमाने फिरायला निघालेला माणूस दिवसभर उलटसुलट प्रवास करत राहतो. आखणी जागांच्या जवळिकीने करावी आणि कथेचा क्रम मनात जुळवावा. दादासाहेब फाळके १९१३ साली आपला स्टुडिओ घेऊन ज्या गावात आले, त्या नाशिकच्या माणसाला पडद्यावरचा भूगोल निराळा असतो हे वेगळे समजावून सांगायला नको. तरीही साल्झबर्गला पोहोचल्यावर पुष्कळ जणांचा पहिला प्रश्न ‘ते घर कुठे आहे?’ हाच असतो.

तर त्या घरापासूनच सुरुवात करू. मठातून कॅप्टन ट्राप यांच्या मुलांची शिक्षिका म्हणून आलेली नायिका मारिया गिटारची पेटी आणि पिशवी घेऊन ज्या मोठ्या फाटकापाशी येऊन थबकते ते फाटक, त्यामागचे पिवळसर दर्शनी घर आणि त्यासमोरचे अंगण हे सारे फ्रोनबुर्ग नावाच्या वाड्याचे आहे. शहराच्या दक्षिणेला हेलब्रुनर आले नावाचा झाडांच्या रांगांमधून जाणारा जुना सरळ रस्ता आहे, त्यावर हा वाडा लागतो. आज तेथे मोझार्टेउम या संगीत विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह आहे. आत जाता येत नाही, परंतु रस्त्यावरून दर्शनी भाग नीट दिसतो, आणि कधी कधी एखाद्या खिडकीतून वाद्याचा रियाज ऐकू येतो. घराची मागची बाजू म्हणून जो तलाव आणि त्याकाठची गच्ची दिसते ती येथे नाहीच. ती दृश्ये शहराच्या दुसऱ्या भागात, लिओपोल्ड्सक्रोन महालाच्या तलावाकाठी आणि महालाशेजारच्या जागेत चित्रित झाली. मुले आणि मारिया नावेतून पाण्यात पडतात तो प्रसंग याच तलावातला. सर्वांत धाकट्या मुलीचे काम करणाऱ्या बालकलाकाराला पोहता येत नव्हते, आणि नाव ठरल्याप्रमाणे न कलंडल्यामुळे तिला धरायला जवळ कोणी उरले नाही. तो विनोदी प्रसंग प्रत्यक्षात तिच्या जिवावर बेतला होता. घराच्या आतले दिवाणखाने, जिना आणि नृत्याचा दरबारी कक्ष यांपैकी काहीच साल्झबर्गमध्ये नाही, ते सारे लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत उभारलेले नेपथ्य होते. नृत्याचा कक्ष मात्र लिओपोल्ड्सक्रोनमधल्या व्हेनिशियन दालनाच्या धर्तीवर रचलेला होता.

लिओपोल्ड्सक्रोन हा महाल आर्चबिशप फिर्मियान यांनी १७३६ साली बांधायला घेतला आणि १९१८ साली तो नाट्यदिग्दर्शक माक्स राइनहार्ट यांनी विकत घेतला. साल्झबर्गचा जगप्रसिद्ध संगीत-नाट्य महोत्सव १९२० साली सुरू करणाऱ्यांपैकी ते एक. ते ज्यू असल्यामुळे नाझींनी पुढे हा महाल बळकावला. आज तेथे हॉटेल आणि चर्चासत्रांचे केंद्र आहे, त्यामुळे पाहुण्यांव्यतिरिक्त इतरांना आत सोडत नाहीत. आपल्याला त्याची गरजही नाही. तलावाच्या समोरच्या काठावर सार्वजनिक पायवाट आणि बाकडी आहेत. तेथून महाल, पाणी आणि मागचा डोंगर असा तिन्हींचा देखावा मिळतो, आणि चित्रपटात दिसतो तोही हाच परिसर. सपाट वाट असल्यामुळे आपल्या आईंना ही जागा सोयीची आहे. वडिलांना येथे किमान तासभर बसू द्यावे, असे मी मुद्दाम सुचवतो, कारण बससहलीत या काठावर पुरेसा वेळ मिळत नाही.

आता काचेच्या मंडपाविषयी. चित्रीकरणाच्या वेळी तो लिओपोल्ड्सक्रोनच्या परिसरात होता. नंतर त्याला हेलब्रुन महालाच्या बागेत हलवण्यात आले आणि आज तो तेथेच आहे. तो पाहताच जवळजवळ प्रत्येकाच्या तोंडून ‘एवढासाच?’ असे निघते, आणि ते खरेही आहे. पावसातले युगुलगीत आणि बाकांवरून उड्या मारत केलेले नृत्य स्टुडिओतल्या मोठ्या मंडपात चित्रित झाले. हा छोटा मंडप बाहेरच्या दृश्यांपुरता होता. थोरल्या मुलीचे, लीझलचे काम करणारी अभिनेत्री शार्मियन कार त्या स्टुडिओतल्या मंडपात घसरून काचेवर आदळली होती आणि घोट्याला पट्टी बांधून तिने नृत्य पूर्ण केले. मंडपाचे दार बंद असते, कारण आतल्या बाकांवरून तशाच उड्या मारण्याचा मोह वयस्कर पर्यटकांनाही होतो आणि त्यातून अपघात झाले आहेत. मंडप पाहायला तिकीट लागत नाही. हेलब्रुनला जायला २५ क्रमांकाची शहर बस आहे.

हेलब्रुनमध्ये केवळ मंडपासाठी जाऊन परत फिरू नये. सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आर्चबिशप मार्कुस सिट्टिकुस यांनी हा महाल करमणुकीसाठी बांधला, आणि पाहुण्यांना अचानक भिजवणारी कारंजी बागेत बसवली. दगडी मेजाभोवतीच्या आसनांतून पाणी उसळते आणि यजमानाचे एकच आसन कोरडे राहते, ही खोडी चार शतकांनंतरही चालू आहे. तिकीट काढून मार्गदर्शकाबरोबर ही कारंजी पाहता येतात. मोबाईल आणि औषधांची पिशवी प्लास्टिकमध्ये ठेवावी, एवढीच सूचना पुरे.

शहरातला सर्वांत समृद्ध तुकडा म्हणजे मिराबेल बाग. ‘डो-रे-मी’ या गाण्याचा शेवट येथे आहे. पेगॅसस या पंखवाल्या घोड्याच्या कारंज्याभोवती मारिया आणि मुले फेर धरतात, वेलींच्या लांब बोगद्यातून धावतात, बुटक्यांच्या दगडी पुतळ्यांजवळून जातात, आणि शेवटी पायऱ्यांवर चढ-उतार करत गाणे संपवतात. या साऱ्या जागा एकाच बागेत, पाच-दहा मिनिटांच्या चालीत आहेत आणि बाग विनामूल्य आहे. पायऱ्यांवर उभे राहिले की समोर बाग, त्यामागे चर्चचे घुमट आणि त्यावर होहेनसाल्झबर्ग किल्ला अशी रांग दिसते. चित्रपटाच्या कॅमेऱ्याने तीच रांग पकडलेली आहे, म्हणून ही एकच जागा अशी आहे की जेथे पडद्यावरची चौकट आणि समोरचे दृश्य जसेच्या तसे जुळते. हॉटेल स्टेशनजवळ घेतल्यास बाग चालत गाठता येते. सकाळी आठच्या आत जावे, कारण नऊनंतर पायऱ्यांवर छायाचित्रासाठी रांगा लागतात आणि वडिलांना शांतपणे उभे राहता येणार नाही. महाल १६०६ सालचा, आर्चबिशप वोल्फ डीट्रिच यांनी आपली प्रेयसी सालोमे आल्ट हिच्यासाठी बांधलेला. धर्मगुरूने प्रेयसीसाठी महाल बांधावा, ही गोष्ट आमच्या गटातल्या मंडळींना चित्रपटाच्या कथेपेक्षाही अधिक रंजक वाटते, हे नमूद करायला हरकत नाही.

‘डो-रे-मी’ हे गाणेच जागानिहाय आखणी का करावी याचे उत्तम उदाहरण आहे. गाण्याआधीच्या सहलीच्या तुकड्यात मुले साल्झाख नदीवरचा मोझार्टश्टेग हा लोखंडी पादचारी पूल ओलांडतात, भाजीबाजारातून जातात आणि मग वाफेच्या इंजिनाच्या डोंगरी गाडीतून वर चढतात. ती गाडी पूर्वेकडच्या वोल्फगांग तलावाकाठची शाफबर्गची दातेरी रुळांवरची गाडी आहे. गाणे सुरू होते ते कुरण शहराच्या दक्षिणेला सुमारे चाळीस किलोमीटरवर, वेर्फेन गावाच्या वर आहे. तेथून एका क्षणात सारे जण शहरातल्या म्योंक्सबर्ग टेकडीवरच्या गच्चीवर येतात, मग सायकली, मग घोडागाडी, मग मिराबेल. पडद्यावर काही मिनिटांत संपणारा हा प्रवास प्रत्यक्षात करायचा तर दोन दिवसही अपुरे पडतील. मोझार्टश्टेग आणि बाजार जुन्या शहरातच आहेत. म्योंक्सबर्गच्या गच्चीवर आता आधुनिक कलेचे संग्रहालय आहे आणि वर जायला खडकातून लिफ्ट आहे, म्हणून या तिन्ही जागा आईंसह होतील. शाफबर्गची गाडी वेगळा पूर्ण दिवस मागते. तीन रात्रींच्या मुक्कामात ती बसवू नये.

नॉनबर्ग मठाकडे जरा विचार करून जावे. सुमारे ७१४ साली संत रूपर्ट यांनी स्थापन केलेला हा मठ जर्मनभाषक प्रदेशातला अखंड चालू असलेला सर्वांत जुना स्त्रियांचा मठ मानला जातो. चित्रपट खऱ्या फॉन ट्राप कुटुंबावर बेतलेला आहे; खरी मारिया याच मठात उमेदवारी करत होती आणि २६ नोव्हेंबर १९२७ रोजी तिचे गेओर्ग फॉन ट्राप यांच्याशी लग्नही येथेच झाले. चित्रपटाला मठाच्या फाटकाशी आणि बाहेरच्या अंगणात चित्रीकरण करता आले. आतले ओवरीचे प्रसंग स्टुडिओतले आहेत. मुले मारियाची चौकशी करायला येतात तेव्हा जी घंटा ओढतात, ते फाटक आजही ओळखू येते. अडचण आहे ती पायऱ्यांची. जुन्या शहरातून मठाकडे सरळ जाणारा जिना चांगलाच उभा आहे. आपल्याला मी उलटा मार्ग सुचवतो: सप्तशृंगगडावर आहे तशीच फ्युनिक्युलर होहेनसाल्झबर्ग किल्ल्यावर जाते (ती १८९२ पासून चालू आहे), तिने वर जावे, किल्ला पाहावा, आणि मग उताराच्या वाटेने हळूहळू मठापर्यंत यावे. उतारही गुडघ्यांना त्रास देतो हे मला माहीत आहे, म्हणून आईंच्या हाती काठी असावी. आणि तरीही जड वाटले तर त्यांनी किल्ल्यावरच्या उपाहारगृहात थांबावे, तुम्ही वडिलांसोबत मठापर्यंत जाऊन यावे. मठाचे चर्च प्रार्थनेसाठी आहे. तेथे गाणी गुणगुणणे, मोठ्याने बोलणे किंवा ननांचे फोटो काढणे अशोभनीय आहे. प्रार्थनेच्या वेळी गेलात तर त्यांचे लॅटिन स्तोत्रगायन ऐकायला मिळते. पुढची सारी धावपळ त्यासाठी पुढे ढकलली तरी चालेल.

जुन्या शहरात उरते ते रेसिडेन्झप्लाट्झ, सेंट पीटरची दफनभूमी आणि फेल्झनराइटशूले. रेसिडेन्झप्लाट्झ चौकातल्या घोड्यांच्या भल्यामोठ्या कारंज्याचे पाणी मारिया गात गात उडवते. याच गाण्यात चौकाजवळच्या कमानीखालून खरी मारिया फॉन ट्राप पार्श्वभूमीला क्षणभर चालत जाताना दिसते. वडिलांनी घरी चित्रपट पुन्हा पाहताना ती जागा शोधून ठेवावी. नाझींपासूनच्या शेवटच्या पलायनात कुटुंब ज्या कबरींमागे लपते, त्या नेपथ्याची प्रेरणा सेंट पीटरच्या दफनभूमीची होती. चित्रीकरण मात्र स्टुडिओत झाले. कोरीव लोखंडी जाळ्यांमागच्या तेथल्या कबरी पाहिल्या की साम्य लगेच पटते. ती चालू दफनभूमी आहे आणि मोझार्टची बहीण नानर्ल तेथेच पुरलेली आहे, हे लक्षात ठेवून वावरावे.

फेल्झनराइटशूले ही जागा मात्र खरी आहे आणि चित्रपटातली सर्वांत प्रभावी आहे. महोत्सवात कॅप्टन ट्राप गिटारवर गातो आणि गाता गाता त्याचा आवाज अडखळतो, तो प्रसंग येथे चित्रित झाला. डोंगराचा खडक खाणीसारखा कापून १६९३ साली घोडेस्वारीसाठी बांधलेले हे प्रेक्षागृह. खडकात तीन मजल्यांत ९६ कमानी कोरलेल्या आहेत. १९२६ पासून साल्झबर्ग महोत्सवाचे प्रयोग येथे होतात. चित्रपटात मागे दिसणारा तो काळोखा कमानींचा पट हे कोणी उभारलेले नेपथ्य नव्हते, हे तेथे उभे राहिल्यावरच उमगते. आत मार्गदर्शित फेरीनेच जाता येते, तालमी असतील त्या दिवशी फेरी रद्द होते, आणि जुलैच्या अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत महोत्सवामुळे हॉटेलांचे दर चढलेले असतात. ही फेरी आधी आरक्षित करावी आणि बाकीचा दिवस तिच्याभोवती आखावा.

वडिलांना आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवावी. कॅप्टन जे गाणे गातो ते ऑस्ट्रियाचे लोकगीत नव्हे. ते १९५९च्या ब्रॉडवे संगीतनाटकासाठी रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी रचलेले आहे. स्थानिकांना ते पिढ्यान्‌पिढ्यांचे गाणे म्हणून माहीत असेल, अशी अपेक्षा ठेवू नये. खुद्द ऑस्ट्रियात हा चित्रपट चालला नाही. तेथल्या लोकांनी १९५६ साली याच कुटुंबावरचा जर्मन चित्रपट आधीच पाहिलेला होता. आईंना इंग्रजी चित्रपटापेक्षा १९७२चा ‘परिचय’ अधिक जवळचा असण्याची शक्यता आहे. आईविना वाढलेली मुले, कडक शिस्तीचे घर आणि गाण्यातून मुलांना जिंकणारी शिकवणी हा धागा दोन्हींत आहे. निघण्यापूर्वी दोन्ही चित्रपट एकत्र बसून पाहिले तर आईंचाही प्रवासातला रस वाढेल.

आता बससहलीविषयी. मिराबेलप्लाट्झवरून निघणारी ही सहल साधारण चार तासांची असते, निवेदन इंग्रजीत असते, आणि ती लिओपोल्ड्सक्रोनच्या तलावाकाठी व हेलब्रुनच्या मंडपापाशी थांबून, नॉनबर्ग लांबून दाखवून, फुश्ल आणि वोल्फगांग तलावांच्या वरून जात मोंडझे गावाला जाते. चित्रपटाच्या सुरुवातीला हवेतून दिसणारे तलाव याच प्रदेशातले आहेत. मोंडझेच्या सेंट मिखाएल चर्चमध्ये मारियाच्या लग्नाचा प्रसंग चित्रित झाला. ७४८ साली स्थापन झालेल्या बेनेडिक्टाइन मठाचे हे चर्च असून त्याचे पिवळसर दोन मनोरे गावात कोठूनही दिसतात. साल्झबर्गपासून ते तीस किलोमीटरच्या आत आहे आणि पोस्टबसने आपले आपणही जाता येते, परंतु वाटेतले तलावांचे देखावे साध्या बसने थांबून पाहता येत नाहीत, म्हणून मी येथे सहलीच्या बाजूने कौल देतो. बसमध्ये ध्वनिमुद्रण लावून सर्वांनी मिळून गाणी म्हणण्याची प्रथा आहे. काहींना तो आनंद असतो, काहींना ती शिक्षा वाटते. वडील पहिल्या प्रकारातले दिसतात. शहर आपण आधी पायी पाहिलेले असले तर बसमधल्या निवेदनाचा अर्थ अधिक लागतो, म्हणून ही सहल दुसऱ्या दिवशी सकाळी ठेवावी. सायकलवरच्या मार्गदर्शित सहलीही निघतात आणि त्या फ्रोनबुर्गच्या बाजूला जाण्यासाठी फार छान आहेत, पण आपल्या मंडळींसाठी त्यांचा विचार करू नये.

कुरणाचा आग्रह सोडा असे मी म्हटले, त्याचे कारण सांगतो. दोन्ही हात पसरून मारिया जेथे गिरकी घेते ते मेलवेग हे ठिकाण ऑस्ट्रियात नाहीच. ते सीमेपलीकडे जर्मनीत, मार्क्टशेलेनबर्ग गावाच्या वर आहे. मठाची घंटा ऐकून मारिया तेथून धावत सुटते, म्हणजे भूगोलाच्या हिशेबाने ती एका देशातून दुसऱ्या देशात धावते. ही जमीन खासगी शेतकऱ्याची आहे, गवत चाऱ्यासाठी राखलेले असते, आणि ते तुडवणे मालकाला मुळीच आवडत नाही. शिवाय दृश्यात दिसणारा झरा चित्रपटवाल्यांनी पाणी आणून वाहता केलेला होता. हेलिकॉप्टरमधून घेतलेल्या त्या दृश्यात प्रत्येक फेरीला पंख्याच्या वाऱ्याने मारियाचे काम करणाऱ्या जुली अँड्र्यूज खाली पडत असत. तो देखावा हवाई होता. जमिनीवर उभे राहून तो दिसण्याचे काही कारणच नाही. शेवटी कुटुंब डोंगर ओलांडून स्वित्झर्लंडकडे जाताना दिसते, तेही चित्रीकरण जर्मनीच्या बाजूला, ओबरझाल्झबर्ग परिसरात झालेले आहे. हिटलरचे निवासस्थान जेथे होते तोच हा डोंगर, हा योगायोग कडवट आहे. खरे फॉन ट्राप कुटुंब १९३८ साली डोंगर चढून गेलेच नाही. ते आगगाडीने इटलीला गेले आणि तेथून पुढे अमेरिकेला.

कुरणाऐवजी दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे वेर्फेन. साल्झबर्गहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत तेथे जाता येते. गावातून वरच्या कुरणापर्यंत चित्रपटाच्या नावाची पायवाट आखलेली असून माथ्यावरून होहेनवेर्फेन किल्ला आणि त्यामागचे कडे, ‘डो-रे-मी’च्या पहिल्या चौकटीत दिसतात तसेच, दिसतात. वाट लांब नाही, परंतु चढाची आहे. वडिलांची तब्येत ठीक असेल तर तुम्ही दोघे जाऊन यावे. दुसरा पर्याय सगळ्यांसाठी आहे: उंटर्सबर्गचा रोपवे. हेलब्रुनला जाणारी २५ क्रमांकाचीच बस पुढे रोपवेच्या पायथ्याशी जाते. १९६१ पासून चालू असलेला हा रोपवे सुमारे १,७७६ मीटर उंचीवर नेतो आणि वरून साल्झबर्गचे खोरे आणि जर्मनीच्या बाजूचे डोंगर दोन्ही दिसतात. वडिलांच्या मनातले ते दृश्य, खरे सांगायचे तर, येथूनच अधिक चांगले भेटते. हवा स्वच्छ असेल त्या दिवशीच जावे. ढग असले तर वर पांढऱ्याशिवाय काही दिसत नाही. वर मे महिन्यातही बर्फ आणि बोचरा वारा असतो, म्हणून स्वेटर आणि कानटोपी हाताशी ठेवावी.

पहिल्या दिवशी सकाळी मिराबेल, मग मोझार्टश्टेग, रेसिडेन्झप्लाट्झ, फ्युनिक्युलर, मठ आणि दुपारनंतर दफनभूमी व फेल्झनराइटशूले. दुसऱ्या दिवशी सकाळी बससहल आणि संध्याकाळी म्योंक्सबर्गची गच्ची. तिसऱ्या दिवशी उंटर्सबर्ग आणि हेलब्रुन, आणि परतताना टॅक्सीने फ्रोनबुर्ग व लिओपोल्ड्सक्रोनचा काठ. पाऊस लागला तर दुसरा आणि तिसरा दिवस अदलाबदल करावा, म्हणून बससहलीचे आरक्षण रद्द करता येईल असे घ्यावे. साल्झबर्ग कार्ड २४, ४८ आणि ७२ तासांचे मिळते. शहर बस, किल्ला व फ्युनिक्युलर, हेलब्रुन आणि उंटर्सबर्गचा रोपवे त्यात येतात, त्यामुळे वरच्या आखणीत त्याचे पैसे वसूल होतात. बससहल त्यात धरलेली नसते. रविवारी दुकाने बंद असतात, स्टेशनातली तेवढी उघडी असतात. शाकाहारी मंडळींनी दही, फळे, ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवावे. उपाहारगृहात चीज घातलेल्या पीठगोळ्यांचा पदार्थ सर्वत्र मिळतो, मात्र त्यात आणि तेथल्या बहुतेक गोड पदार्थांत अंडे असते, हे आईंसाठी आधी विचारून घ्यावे.

खर्चाची तयारी असेल तर एक रात्र वेगळी घालवण्याचा विचार करावा. शहराच्या आग्नेयेला आयगेन या भागात खऱ्या फॉन ट्राप कुटुंबाचे घर आहे. २००८ पासून तेथे हॉटेल चालते. चित्रपटातल्या कुठल्याही महालाशी त्याचे साम्य नाही. हे कुटुंब १९३८ साली निघून गेल्यावर युद्धकाळात त्या घरात नाझी नेता हिमलर राहत असे. वडिलांना चित्रपटाइतकीच त्यामागच्या माणसांची उत्सुकता असेल तर ही रात्र त्यांच्या लक्षात राहील. केवळ पडद्यावरचे घर पाहायचे असेल तर मात्र हे पैसे वाचवावेत.

शेवटी मे की दिवाळी. साल्झबर्ग पावसासाठी प्रसिद्ध आहे. १९६४ साली एप्रिलपासून जुलैच्या सुरुवातीपर्यंत तेथे राहिलेल्या चित्रपटाच्या चमूला पावसाने इतके अडवले की वेळापत्रक लांबले. जून-जुलैत पाऊस सर्वाधिक असतो. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात दिवस मोठा असतो, मिराबेलची फुले उमललेली असतात, कारंजी चालू असतात आणि महोत्सवाची गर्दी सुरू झालेली नसते. दिवाळी ऑक्टोबरअखेर आली तर हवा कोरडी आणि रंग सुंदर असतात; नोव्हेंबरमध्ये आली तर मात्र हेलब्रुनची कारंजी बंद होण्याच्या बेतात असतात, उंटर्सबर्गचा रोपवे देखभालीसाठी थांबतो आणि पाचच्या सुमारास अंधारून येते. म्हणून आपल्यासाठी मेचा उत्तरार्ध ठरवावा. शेंगेन व्हिसासाठी प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, निर्णयाला साधारण १५ दिवस लागतात आणि काही वेळा ते ४५पर्यंत लांबतात. बोटांचे ठसे देण्यासाठी दोघांनाही व्हिसा केंद्रावर न्यावे लागेल, आणि उन्हाळी सुट्टीच्या आधी भेटीच्या वेळा लवकर भरतात. तेव्हा विमानाची तिकिटे पाहण्याआधी, जानेवारी-फेब्रुवारीतच ती वेळ घेऊन टाकावी. उतरायला म्युनिक सोयीचे आहे. तेथून साल्झबर्ग आगगाडीने दोन तासांच्या आत येते, आणि परतताना सीमेवर जर्मन पोलीस तपासणी करतात म्हणून पासपोर्ट सामानात न टाकता अंगावर ठेवावेत.